गावरान कोंबडीचं बियाणं घरचं घरी कसं जपाल

गावरान कोंबड्यांत गिरिराज किंवा वनराज या सुधारित जातींचा कोंबडा सोडू नका. पिल्लं वजनदार होतात, पण मूळ वाण जातो आणि पुढच्या पिढ्यांत खुडूक बसायची, म्हणजे अंडी उबवायला बसायची, सवयही कमी होते. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. तो दर वर्षी लांबच्या गावातल्या गावरानाशी बदला, नाहीतर भावंडांतच जोड लागून अंडी पोकळ निघतात.

रवणीला, म्हणजे कोंबडीखाली उबवायला, सात दिवसांच्या आतली 10-12 अंडीच ठेवा. सातव्या रात्री बॅटरीवर धरून पाहा, शिरा न दिसणारी काढा. पिल्लं 21व्या दिवशी. मराठवाड्याच्या मे महिन्यात रवण नकोच: साठवणीतच गर्भ अर्धवट वाढून मरतो. दिवाळीनंतर बसवा. मानमोडी (राणीखेत) रोगासाठी पाच-सात दिवसांच्या पिल्लांना लासोटा लस, आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस.