फाइलझिलापासून कॅपिस्ट्रानोपर्यंत: डिप्लॉयमेंट शिकताना खाल्लेले धक्के

पहिल्या नोकरीत माझं डिप्लॉयमेंट, म्हणजे साइटचा कोड सर्व्हरवर चढवणं, फाइलझिलानं चालायचं, फायली इकडून तिकडं पाठवायचं सॉफ्टवेअर. बदललेल्या फायली डावीकडून, आपल्या लॅपटॉपवरून उचलायच्या, उजवीकडे सर्व्हरवर टाकायच्या, आणि एखादी राहिली की साइट पांढरीफटक. मग कुठली राहिली ते शोधत बसा, तोवर क्लायंटचा फोन.

वैतागून एक बॅश स्क्रिप्ट (ओळीनं चालणाऱ्या कमांडची फाइल) लिहिली, आरसिंकची, म्हणजे दोन ठिकाणच्या फायली सारख्या करणाऱ्या कमांडची, आणि कुठंतरी वाचलेलं म्हणून डिलीटचा ऑप्शनपण लावला. त्याचा अर्थ असा की आपल्या लॅपटॉपवर जे नाही ते सर्व्हरवरूनही उडवायचं. आता लोकांनी अपलोड केलेले फोटो माझ्या लॅपटॉपवर कुठून असणार? गेले सगळे. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून नोकरी राहिली. तेव्हापासून आधी ड्राय-रन मारतो, काय काय उडणारे ते नुसतं दाखवतं.

मग एका सीनियरनं कॅपिस्ट्रानो दाखवलं. रुबी भाषेतलं डिप्लॉयचं जुनं टूल आहे, पण त्याची फोल्डरची पद्धत एकदा डोक्यात बसली की पुढं डिप्लॉयर घ्या नाहीतर अॅन्सिबलसारखं दुसरं टूल, फारसं अडत नाही. दर डिप्लॉयला रिलीजेसमध्ये तारीख-वेळेच्या नावाचं नवं फोल्डर बनतं, साइट जिथून चालते ते करंट ही नुसती सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडं बोट दाखवणारा शॉर्टकट, सगळं तयार झालं की शेवटी तेवढी नव्या फोल्डरकडं वळवायची, आणि अपलोड्स, पासवर्डची ईएनव्ही फाइल वगैरे शेअर्डमध्ये, तिथं कोणी हात लावत नाही. गडबड झाली तर लिंक परत जुन्याकडं. सांगितलं नाही तर शेवटचे 5 रिलीज ठेवतं.

पीएचपीवाल्यांनो, लिंक फिरली तरी ऑपकॅशमुळं (पीएचपीचा कोड मेमरीत धरून ठेवतं ते) जुनाच कोड दिसू शकतो, माझा अर्धा दिवस यात गेला, एफपीएम, म्हणजे पीएचपी चालवणारी सर्व्हिस, रीलोड करा.

नवीन असाल तर टूलच्या मागं लगेच लागू नका. स्वस्तातला एक व्हीपीएस (भाड्यानं मिळणारा व्हर्च्युअल सर्व्हर) घ्या, दोन-तीनदा हातानं डिप्लॉय करा, मारलेली प्रत्येक कमांड लिहून ठेवा, तीच तुमची स्क्रिप्ट. तिच्या वरच्या ओळीत सेट मायनस ई टाका, म्हणजे एखादी कमांड फेल झाली की स्क्रिप्ट तिथंच थांबते, नाहीतर मधेच पीएचपीची पॅकेजेस आणणारा कंपोजर फेल होतो आणि स्क्रिप्ट मख्खपणे पुढं जाऊन लिंक फिरवून मोकळी. रूटनं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरनं लॉगिन नको, वेगळा युजर करा. एसएसएचची प्रायव्हेट की (सर्व्हरवर शिरायची गुप्त किल्ली) गिटमध्ये तर अजिबात नको, डिप्लॉय आपोआप चालवायला गिटहब अॅक्शन्स वापरत असाल तर त्याच्या सीक्रेट्समध्ये टाका.

आणि रोलबॅकनं, म्हणजे लिंक परत जुन्याकडं वळवून, कोड मागं जातो, डेटाबेस नाही. मायग्रेशननं (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) कॉलम उडवला असेल तर जुना कोड तोच शोधत बसतो, म्हणून मी कॉलम उडवायचं काम पुढच्या डिप्लॉयवर ढकलतो.