ट्रॉली जोडली की क्लच जळायलता, असं जमवलं

कन्नडच्या घाटात सरकीची ट्रॉली मागं असली की आपल्या पिकअपच्या क्लचचा लई वास यायलता, प्लेट बदलून बी तेच, क्लच प्लेट जिला घासती त्या फ्लायव्हीलवर तापून निळे डाग. एकजण म्हणला इंजिनच मोठं टाका, पण राव तेवढा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ह्या गेअरबॉक्सला झेपला पाहिजे ना, आतले दातेच जायचे. मिस्त्रीनं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांच्या मधला गेअरचा गोळा, उघडून दाते मोजले, क्राउन (मोठं चक्र) 41 पिनियन (छोटं चक्र) 11, म्हणजे रेशो 3.73, पिनियनचे तेवढे फेरे झाले की चाकाचा एक. मग 41 ला 10 चा सेट बसवला, 4.10, त्याच गेअरात चाकाला 10 टक्के जास्त जोर. आता चढाला उचलताना अर्धा क्लच धरून बसावं लागत नाही. सपाटीला डिझेल जरा जास्त खाती, खाऊ द्या. क्राउन-पिनियनचा सेट जोडीनंच घ्या, आन फोर बाय फोर असंल तर पुढच्या डिफरन्शियलला बी तोच रेशो पाहिजे.