घरच्या मत्स्यालयात प्रवाळ जगवताना

प्रवाळांच्या मत्स्यालयाची खरी उभारणी पाण्यापासून होते. नळाच्या पाण्यात असू शकणारे तांबे प्रवाळांसारख्या अपृष्ठवंशी जीवांना घातक ठरते आणि फॉस्फेटमुळे शेवाळ माजते, म्हणून आरओ-डीआय (सूक्ष्म पडद्यातून गाळून उरलेले क्षार रेझिनने काढण्याच्या) पद्धतीने शुद्ध केलेल्या पाण्यातच समुद्री मीठ विरघळवावे. विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेतील घनता, म्हणजेच खारटपणाचे माप) सुमारे १.०२६ आणि तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस ठेवावे.

यानंतरचा टप्पा संयमाचा आहे, आणि माझ्या मते बहुतेक मत्स्यालये येथील घाईमुळेच बिघडतात. सच्छिद्र खडकांवर वाढणारे जिवाणू विषारी अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे तुलनेने सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात; ही साखळी स्थिरावण्यास साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्याशिवाय एकही जीव सोडू नये. नंतरही मासे थोडे-थोडेच वाढवावेत.

दगडी सांगाड्याचे प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत शोषून घेत असल्याने कॅल्शियम प्रतिलिटर ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी (मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या प्रमाणाचे माप) ८ ते ९ डीकेएच (ती मोजण्याचे एकक) राखावी. आकडा थोडा कमी-अधिक असला तरी चालेल, परंतु तो स्थिर असावा; अचानक बदल प्रवाळांना सोसत नाहीत. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मात्र मागे राहते, त्यामुळे रोजची घट गोड्या शुद्ध पाण्यानेच भरावी. आठवड्याला सुमारे दहा टक्के पाणी बदलावे, तेव्हा नवे खारे पाणी आधीच मिसळून त्याच तापमानाला आणलेले असावे.