ओव्याचं सत वापरताना या चुका टाळा

इंदूरच्या सियागंज बाजारात ‘अजवायन सत’ मागितलं की दुकानदार काचेसारखे पांढरे खडे पुडीत बांधून देतो. हे थायमॉल. थाइम या विलायती झुडपाच्या तेलातही हेच असतं. जंतू मारतं, आणि नेमकं म्हणूनच कातडीही भाजतं. ‘ओव्याचंच तर आहे’ म्हणत चिमटीने उचलणाऱ्यांना हे सांगून सांगून थकायला होतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे खडे पाण्यात घालणं. एक लिटर पाण्यात जेमतेम एक ग्रॅम विरघळतं, तेही सावकाश. ओळखीच्या एका घरी घसा धरला म्हणून तांब्याभर कढत पाण्यात चमचाभर खडे टाकले. खडे दिसेनासे झाले, म्हणून विरघळले असं सगळ्यांनी धरलं. पण थायमॉल साधारण ५० अंशांना वितळतं आणि तेलासारखं वर तरंगतं. पहिल्या गुळणीला तोंडात गेलं ते निव्वळ थायमॉल. जीभ आणि टाळू पांढरे पडले, नंतर साल निघाली. गुळण्यांना सत लागतच नाही. चमचाभर ओवा दोन कप पाण्यात उकळा, एक कप उरला की गाळा, कोमट झाल्यावर वापरा. दहा मिनिटं लागतात. तेवढा धीर नसेल तर साध्या मिठाच्या पाण्याच्या गुळण्या बऱ्या.

अमृतधारा हे घरगुती औषध बनवताना दुसरी घाई होते. सत, पिपरमिंट (मेंथॉलचे खडे) आणि भीमसेनी कापूर, प्रत्येकी १० ग्रॅम, वजन करून घ्या. चमच्याने मोजू नका. कोरड्या काचेच्या बाटलीत घालून बूच लावा आणि अधूनमधून हलवा. तिन्ही एकत्र आले की आपोआप पातळ होतात. गॅसवर ठेवायची गरज नाही, वाफ पेट घेते. बाटली ओली असेल तर मिश्रण गढूळ होतं. पूजेच्या कापराच्या वड्या मुळीच नकोत.

प्लास्टिकची बाटली, रबरी ड्रॉपर: दोन्ही नरम पडतात.

चोळायला १ मिली अमृतधारा ३० मिली खोबरेल तेलात. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ कधीही नाही, श्वास अडकू शकतो. पोटात घ्यायची तर वैद्यांना विचारूनच.

निव्वळ सत हाताला लागलं तर साबण-पाण्याने भरपूर धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार आणि थेट डॉक्टर.

थंडीत बाटलीत खडे धरले तर टाकून देऊ नका. बाटली कोमट पाण्यात ठेवा, पुन्हा पातळ होते.