फिल्मवरून डिजिटलवर येताय? आधी एक्स्पोजरची सवय बदला

वर्षानुवर्षं फिल्मवर काम केलेल्या माणसाला डिजिटलची बटणं काही अवघड जात नाहीत, ती चार दिवसांत कळतात, खरी अडचण हाताला लागलेल्या सवयीची असते. कलर निगेटिव्हवर शंका आली की आपण सरळ एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्यायचो, कारण निगेटिव्ह जास्तीचा उजेड पचवते पण सावलीत कमी पडला तर तिथे काहीच उरत नाही. डिजिटलमध्ये नेमकं उलटं आहे. सेन्सरचा पिक्सेल एकदा काठोकाठ भरला की संपलं, पांढरा शर्ट असो की ढग, सगळं सपाट पांढरं, मग कुठलंही सॉफ्टवेअर आणा. सावलीतलं मात्र बऱ्यापैकी वर काढता येतं, थोडा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा येतो इतकंच. स्लाइड फिल्मवर (निगेटिव्हऐवजी थेट पॉझिटिव्ह चित्र देणारी) काम केलेल्यांना हे लगेच पटेल.

म्हणून फोटो काढल्यावर नुसतं स्क्रीनवरचं चित्र बघू नका, उन्हात ते हमखास फसवतं, हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख बघा. आलेख उजव्या कडेला आपटून कापला गेलाय असं दिसलं तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) एक तृतीयांश स्टॉपने खाली आणा, परत काढा, परत बघा. जळालेला भाग लुकलुकून दाखवणारी सेटिंग असेल तर ती कायम चालू ठेवा. आणि हो, सूर्य किंवा दिवाच फ्रेममध्ये असेल तर तो जळणारच, त्याच्यापायी चेहरे काळे करू नका.

रॉ मध्येच, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्येच काढा. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा समतोल) नंतर बदलता येतो, म्हणजे दिवसाच्या उजेडाची डेलाइट फिल्म की पिवळ्या बल्बसाठीची टंगस्टन हा प्रश्नच मिटला.

जुन्या लेन्स फेकू नका प्लीज! निकॉनचं एफ माउंट (लेन्स बॉडीवर बसवायची जोडणी) १९५९ पासूनचं आहे, पण १९७७ च्या आधीची एआय (लेन्सचं अॅपर्चर बॉडीला आपोआप कळवणारी रचना) नसलेली लेन्स बऱ्याच डिजिटल एसएलआरवर जबरदस्तीने बसवली तर बॉडीचं नुकसान होऊ शकतं, आधी चौकशी करा. कॅननने १९८७ मध्ये माउंटच बदललं त्यामुळे जुन्या एफडी माउंटच्या लेन्स नव्या ईएफ माउंटच्या बॉडीवर थेट बसत नाहीत, मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) अडॅप्टर लावून मस्त चालतात, फोकस तेवढा हाताने करायचा. सेन्सर १.५ क्रॉपचा, म्हणजे ३५ एमएम फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान असेल तर ५० एमएम मधून ७५ एमएम इतकंच दिसेल, खोली छोटी असेल तर ३५ एमएम लावा.

शेवटचं, निगेटिव्ह पाकिटात वर्षानुवर्षं टिकायची, फाइलचं तसं नाही. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाली, दोन्हीकडून उघडून बघितली, मगच कार्ड फॉरमॅट करा.