बुद्धिबळाचा नवा प्रकार कसा रचावा: एका मोहऱ्यापासून छापील नियमपत्रकापर्यंत

बुद्धिबळाचा स्वतःचा प्रकार रचायला बसलेला माणूस बहुधा पहिल्याच संध्याकाळी बारा बाय बाराचा पट आखतो, सात नवी मोहरी काढतो, त्यांना ड्रॅगन आणि जादूगार अशी नावे देतो आणि तिसऱ्या दिवशी तो कागद खणात जातो. या लेखात उलट्या बाजूने जायचे आहे. पट नेहमीचाच ठेवायचा, नवे मोहरे एकच घ्यायचे आणि त्या एका मोहऱ्यामुळे जुन्या खेळात काय काय हलते, हे नीट तपासायचे. उदाहरणासाठी मी रचलेले ‘गोफण’ नावाचे मोहरे घेतो, कारण ते रचताना झालेल्या चुका मला तपशिलासह आठवतात.

तक्रार ठरवा

नवा प्रकार कशासाठी हवा आहे, हे एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. जे प्रकार टिकले किंवा निदान चर्चेत राहिले, त्यांच्यामागे बहुतेक वेळा एक नेमकी तक्रार होती. उत्तम खेळाडूंमधले डाव बरोबरीतच सुटू लागतील, अशी भीती वाटल्याने क्यूबाचा विश्वविजेता कापाब्लांका याने १९२० च्या दशकात दहा बाय आठचा पट सुचवला आणि त्यात दोन जोडमोहरी घातली, एक हत्ती आणि घोडा यांच्या चालींचे, तर दुसरे उंट आणि घोडा यांच्या चालींचे. पाठ केलेल्या सुरुवातींचा अमेरिकेचा माजी विश्वविजेता बॉबी फिशर याला कंटाळा होता. त्याने १९ जून १९९६ रोजी ब्युनोस आयरिस येथे जो प्रकार जाहीर केला, त्यात एकाही मोहऱ्याची चाल बदलली नव्हती, फक्त मागच्या ओळीतली मांडणी चिठ्ठ्या टाकून ठरवायची होती. दोन उंट वेगवेगळ्या रंगांवर बसवण्याचे सोळा मार्ग, मग वजिराला सहा घरे, घोड्यांच्या जोडीला दहा जागा आणि उरलेल्या तीन घरांत राजा दोन हत्तींच्या मधोमध, असे गुणले की ९६० मांडण्या होतात. रशियाचा माजी विश्वविजेता क्रॅमनिक याने २०१९ मध्ये याहून लहान बदल सुचवला, तो म्हणजे कॅसलिंगच (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्याची सोय) काढून टाकणे.

आपल्याकडे तर अनेक घरांत कालपरवापर्यंत वेगळाच प्रकार चालत होता. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जाते, कॅसलिंग नसते आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मिळते. आजोबांबरोबर त्या नियमांनी खेळलेला माणूस नियम बदलायला सहसा कचरत नाही, हा माझा अनुभव आहे.

माझी तक्रार साधी होती. लांबून मारणारी सगळी मोहरी लांब धावणारीही असतात. हळू चालणारे, पण थोड्या अंतरावरून मारणारे मोहरे पटावर आले तर काय होईल, एवढाच प्रश्न मी कागदावर लिहिला.

मोहऱ्याची चाल आणि स्वभाव

चाल ठरवताना सरकणे आणि मारणे या दोन गोष्टी वेगळ्या धरा. नेहमीच्या खेळात हा भेद फक्त प्याद्यापाशी दिसतो, पण नव्या मोहऱ्यांसाठी तीच सर्वांत सुपीक जमीन आहे. चिनी बुद्धिबळातली तोफ सरकते हत्तीसारखी, पण मारताना तिला मध्ये नेमके एक मोहरे लागते, ते कोणाचेही असले तरी चालते. एवढ्या एका अटीने त्या खेळाची सगळी चव बदलली आहे.

ज्वारीच्या शेतात माचाणावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार आठवला आणि माझ्या मोहऱ्याला आकार आला. गोफणीतला दगड डोक्यावरून जाऊन लांब पडतो, पायाशी आलेल्या पाखराला त्याचा उपयोग नाही. म्हणून नियम असा केला, की गोफण राजासारखी कोणत्याही दिशेने एक घर सरकेल, पण त्या चालीने ती काहीही मारणार नाही. मारायचे झाले तर सरळ किंवा तिरपे बरोबर दुसऱ्या घरातले मोहरे मारेल आणि मधल्या घरात कोणी असले तरी अडणार नाही.

पहिल्या मसुद्यात गोफण जागेवर उभी राहूनच दगड मारत असे, म्हणजे समोरचे मोहरे पटावरून उचलले जाई आणि ती स्वतः हलत नसे. कल्पना म्हणून मला ती फार आवडली होती. भाच्याबरोबरच्या पहिल्याच डावात माझ्या गोफणीने डी४ वर (उभ्या पट्ट्यांना ए ते एच ही अक्षरे, आडव्या ओळींना पांढऱ्याकडून १ ते ८ हे आकडे) उभे राहून त्याचे डी६ वरचे प्यादे उचलले आणि पुढच्या खेळीत एफ६ वरचा घोडा उचलला. दोघांनाही भरपूर जोर होता, म्हणजे त्यांना मारणाऱ्याला उलट मारायला त्याची मोहरी तयार होती, पण ज्या घरात मारणारा येतच नाही, त्या घराला दिलेला जोर काय कामाचा? भाच्याने पटाकडे बघत विचारले, “मग मी माझ्या मोहऱ्यांना जोर देऊच कशाला?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. बुद्धिबळातला निम्मा विचार जोर मोजण्याचा आणि मारामारीचा हिशेब करण्याचा असतो, आणि माझ्या एका लाडक्या नियमाने तो निम्मा विचार पुसला जात होता. त्याच रात्री नियम बदलला: गोफण ज्या घरातले मोहरे मारेल, त्या घरात ती स्वतः जाऊन बसेल.

नाव देतानाही थोडे थांबा, कारण नावातून चाल आठवली पाहिजे आणि ते नाव आधीच कोणाचे असता कामा नये. नव्या प्रकारांविषयीच्या इंग्रजी लेखनात एक घर एका दिशेला आणि तीन घरे आडव्या दिशेला उडणाऱ्या मोहऱ्याला उंट म्हणतात, पण मराठी घरात ते नाव घेतले तर पहिल्या पाच मिनिटांतच भांडण होईल. खुणेचे अक्षरही बघून घ्या. डाव लिहिताना मी गोफणीसाठी ‘गो’ वापरले आणि घाईतले ‘गो’ आणि ‘घो’ वेगळे ओळखता न आल्याने दोन डावांची नोंद वाया गेली. आता मी नुसते ‘फ’ लिहितो.

पटावरचे गणित

चाल कागदावर ठरली की तिची पोच मोजा. रिकाम्या पटावरच्या चौसष्ट घरांपैकी प्रत्येक घरावर मोहरे ठेवायचे, तिथून ते किती घरांवर मारा करते ते लिहायचे आणि बेरीज करायची. हत्ती कुठेही ठेवला तरी चौदा घरे मारतो, म्हणून त्याची बेरीज ८९६ येते. उंटाची ५६० आणि घोड्याची ३३६. गोफणीच्या सरळ माऱ्याची बेरीज १९२ आणि तिरप्या माऱ्याची १४४ आली. दोन्ही मिळून ३३६, म्हणजे नेमकी घोड्याइतकी! हे मी ठरवून केलेले नव्हते. मात्र पोच समान म्हणून किंमत समान, असे समजू नये. घोडा जितक्या लांब मारतो तितक्याच लांब जातोही, तर गोफण एकेक घर चालते. तिची खरी किंमत कळायला एका बाजूचा घोडा काढून तिथे गोफण द्यावी आणि रंग बदलत बरेच डाव खेळावेत.

त्यानंतर रंग तपासा. घोडा नेहमी स्वतःच्या घराच्या विरुद्ध रंगावर मारा करतो, तर गोफण नेहमी आपल्याच रंगावर, कारण दोन घरे सरळ जा किंवा तिरपे जा, रंग तोच राहतो. सरळ सरकताना तिचा रंग बदलतो, त्यामुळे उंटासारखी ती जन्मभर एका रंगाला बांधलेली नाही. ही बारीक गोष्ट वाटते खरी, पण तिच्यातून एक मोठा निकाल लागतो. राजा आणि एक गोफण एवढेच उरले असता समोरच्या एकट्या राजावर मात करता येईल का? कोपऱ्यातल्या ए१ वरच्या राजाला शह द्यायचा तर गोफण काळ्या घरावर हवी. मग ए२ आणि बी१ ही पांढरी घरे तिला दिसत नाहीत, आणि ती दोन्ही घरे आपल्या राजाने रोखायची तर त्याला बी२ वर, म्हणजे शत्रूच्या राजाला खेटून उभे राहावे लागेल, जे नियमात बसत नाही. कडेवरच्या राजाचीही हीच कथा, आणि मध्यभागी तर त्याला वाटा आणखी जास्त. म्हणजे एका गोफणीने मात होत नाही. दोन गोफणींनी मातेची मांडणी मात्र जुळते: काळा राजा ए१, पांढरा राजा बी३ आणि गोफणी सी३ व डी३ वर. आपल्या मोहऱ्याविषयी अशा डावाच्या शेवटच्या एकदोन स्थिती हाताने सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण बरोबरीचे नियम त्यावरच ठरतात.

सुरुवातीची मांडणी

मी गोफण आधी वजिराच्या बाजूच्या घोड्याच्या जागी, बी१ वर, ठेवली होती. तिथे तिच्या शेजारची पाचही घरे आपल्याच मोहऱ्यांनी भरलेली असतात आणि सरकताना ती उडी मारत नाही, म्हणून समोरचे प्यादे हलेपर्यंत ती नुसती बसून राहते. वाट मिळाल्यावरही डी४ गाठायला तीन खेळ्या. तोपर्यंत डाव दुसरीकडेच रंगलेला असे. शेवटी मागची ओळ जशीच्या तशी ठेवली आणि बी२ व जी२ वरची प्यादी काढून तिथे गोफणी बसवल्या, काळ्या बाजूला बी७ आणि जी७ वर. आता डी४ दोन खेळ्यांवर आले, घोडे पूर्वीसारखे सुटे राहिले आणि कॅसलिंग केलेल्या राजापुढे प्याद्याऐवजी गोफण आल्याने ती पुढे पाठवावी की घरी ठेवावी, हा चांगला पेच तयार झाला.

मांडणी ठरली की पहिली खेळी होण्याआधीच प्रत्येक मोहऱ्याला जोर आहे का, ते एकेक बोट ठेवून तपासा. ही चूक मोठ्यांच्याही हातून होते: कापाब्लांकाच्या मांडणीत एका घोड्यासमोरच्या प्याद्याला कोणाचाच जोर नव्हता. माझ्या मांडणीत बी२ ला सी१ च्या उंटाचा जोर आहे, जी२ ला एफ१ च्या उंटाचा, आणि बाकीच्या सहा प्याद्यांना मागच्या ओळीचा. पहिल्या खेळीलाच शत्रूच्या मोहऱ्यावर मारा पोहोचत नाही ना, हेही बघा. दोन्ही सैन्यांमध्ये चार रिकाम्या ओळी असल्याने गोफणीच्या बाबतीत ती भीती नाही.

नियमांच्या सांध्यांवर बोट ठेवा

नव्या मोहऱ्याची चाल दोन ओळींत लिहून होते, अडचण येते ती जुन्या नियमांशी त्याचा सांधा जुळतो तिथे. गोफणीचा शह मध्ये मोहरे घालून अडवता येतो का? येत नाही, कारण तिला मधले घर दिसतच नाही. शहातून सुटायला राजा हलवावा लागेल किंवा गोफण मारावी लागेल. राजा तिला खेटून उभा राहू शकतो का? राहू शकतो, तिच्यापासून सर्वांत सुरक्षित जागा तीच आहे. तिचा मारा असलेल्या घरावरून कॅसलिंग होणार नाही. दोन घरे पुढे गेलेले प्यादे वाटेत मारण्याचा हक्क प्याद्यांनाच राहील. शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याची गोफण करता येईल. एकच स्थिती तीनदा येणे, प्यादे न हलता आणि काही न मारता पन्नास खेळ्या होणे, शह नसताना खेळीच न उरणे या तिन्हींचा निकाल नेहमीप्रमाणे लागेल. असे प्रत्येक उत्तर लिहूनच ठेवा.

खेळून पाहणे

नव्या मोहऱ्यासाठी सुताराकडे जाण्याची गरज नाही. मी बी आणि जी पट्टीतल्याच प्याद्यांच्या गळ्यात लाल दोरा बांधला आणि त्यांना गोफण म्हटले. दोनेक डाव गमतीत जातात, खरी परीक्षा नंतर सुरू होते. किमान दहा डाव एकाच जोडीदाराबरोबर, दर डावाला रंग बदलून खेळा आणि प्रत्येक डावानंतर तीन गोष्टी लिहा: किती खेळ्या झाल्या, नव्या मोहऱ्याने डावात काही केले का, आणि कोणाला नियम विचारावा लागला. पांढऱ्याला थोडा फायदा नेहमीच्या खेळातही असतो, पण तुमच्या दहांपैकी आठ डाव पांढराच जिंकत असेल तर मांडणीकडे परत जा. एका वेळी एकच नियम बदला. दोन बदलले, तर डाव कशामुळे सुधारला ते कळणार नाही.

संगणकाचीही मदत घेता येते. फेअरी-स्टॉकफिश हे बुद्धिबळ खेळणारे मोफत इंजिन (संगणक-प्रणाली) नवी मोहरी स्वीकारते. त्याला एका साध्या मजकुराच्या फायलीत मोहऱ्याची चाल ठरावीक रोमन अक्षरांनी सांगायची असते, आणि त्यात ‘फक्त सरकताना’ व ‘फक्त मारताना’ यांसाठी वेगळी अक्षरे असल्याने गोफणीसारखे मोहरे एका ओळीत बसते. यंत्र स्वतःशी रात्रभर खेळून पांढऱ्याचा फायदा किती आणि बरोबरी किती हे दाखवेल. खेळताना मजा येते का, हे मात्र समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघूनच कळते.

नियमपत्रक

सगळे नियम एका पानावर आणा, वर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक घाला, कारण जुनी पाने घरात फिरत राहतात. मग ते पान तुमचा खेळ कधीच न पाहिलेल्या दोघांच्या हाती द्या, शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. हे शेवटचे सर्वांत कठीण जाते. माझ्या दोघांनी पट मांडला, लाल दोरे नीट बांधले, चार खेळ्या केल्या आणि मग एकाने गोफण उचलून हवेतच धरली. समोर दोन घरांवर कोणी नव्हते आणि त्याला रिकाम्या घरात उडी मारायची होती. पत्रकात ‘दुसऱ्या घरातले मोहरे मारते’ एवढेच होते, तिथे मोहरे नसेल तर काय, याविषयी एक अक्षरही नव्हते. दोघे माझ्याकडे बघत राहिले. मी काही बोललो नाही, फक्त पेन उघडून त्या ओळीखाली लिहिले: “दुसरे घर रिकामे असल्यास गोफणीला तेथे जाता येणार नाही.” आणि आवृत्तीचा क्रमांक चारचा पाच केला.