व्हर्च्युअलबॉक्स अपग्रेड केलं आणि मशीन उठेना: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर. जळगाव-धुळे-शिरपूरकडच्या इंजिनीअरिंगच्या मुलांच्या लॅपटॉपवर ते असतं लिनक्सच्या प्रॅक्टिकलसाठी. जिनिंगच्या किंवा आडतीच्या ऑफिसात ते असतं वेगळ्याच कारणाने. हिशोबाचं किंवा वजनकाट्याचं जुनं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीशिवाय चालत नाही, म्हणून नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक एक्सपी जिवंत ठेवलेलं असतं. दोन्हीकडे अडचण सारखीच येते. 'नवीन व्हर्जन उपलब्ध आहे' असा चौकोन येतो, कोणीतरी 'हो' म्हणतं आणि काल चालणारं मशीन आज सुरू होत नाही.

पुढे दोन शब्द सारखे येतील. तुमचा खरा कॉम्प्युटर म्हणजे होस्ट, यजमान. त्याच्या आत चालणारं मशीन म्हणजे गेस्ट, पाहुणा. अपग्रेडमध्ये बिघडतं ते बहुतेक वेळा यजमानाच्या घरात. पाहुण्याचं सामान, म्हणजे त्याची अख्खी हार्ड डिस्क, व्हीडीआय नावाच्या एका मोठ्या फाइलमध्ये असते आणि अपग्रेड त्या फाइलला हात लावत नाही. डेटा जातो तो नंतरच्या घाईत. मशीनच्या नावावर राइट क्लिक, 'रिमूव्ह', मग 'डिलीट ऑल फाइल्स', आणि दहा वर्षांचा हिशोब गेला. त्या बटणापासून लांब राहा. 'रिमूव्ह ओन्ली' चालतं, त्याने फक्त यादीतलं नाव जातं.

आधी कॉपी

विंडोजवर मशीनचं फोल्डर सहसा सी ड्राइव्हवर, यूजर्समध्ये तुमच्या नावाखाली 'व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स' या नावाने असतं. सगळी मशीन बंद करा, व्हर्च्युअलबॉक्सही बंद करा आणि ते फोल्डर जसंच्या तसं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. नुसती व्हीडीआय उचलू नका. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, घेतले असतील तर त्यानंतरचे बदल 'स्नॅपशॉट्स' फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलींमध्ये असतात, आणि एकटी मूळ व्हीडीआय तुम्हाला पहिल्या स्नॅपशॉटच्या दिवशी नेऊन सोडेल. 'व्हीबॉक्स' शेपटाची छोटी फाइल म्हणजे मशीनच्या सेटिंग्ज. तिच्या शेजारी 'व्हीबॉक्स-प्रेव्ह' नावाने आधीची प्रत असते. तीही घ्या.

पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही आणि कॉपी मध्येच थांबते. ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला हवा. ४० जीबीची फाइल यूएसबी २ वरून सेकंदाला ३० एमबीच्या वेगाने साधारण २२ मिनिटं घेते. तेवढ्यात लाइट गेली तर कॉपी अर्धवट राहील. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर भारनियमनाची वेळ टाळून हे काम काढा.

मशीन खरंच बंद होतं का?

यादीत मशीनच्या नावाखाली 'पॉवर्ड ऑफ' लिहिलंय की 'सेव्ह्ड', ते पाहा. 'सेव्ह्ड' म्हणजे मशीन झोपवलेलं आहे. त्याची मेमरी जुन्या व्हर्जनने लिहून ठेवलेली असते आणि ती नव्या व्हर्जनला वाचता येईलच असं नाही. 'स्टार्ट' दाबल्यावर लगेच एरर येत असेल तर पहिला संशय इथे घ्या.

उपाय सोपा आहे. राइट क्लिक करून 'डिस्कार्ड सेव्ह्ड स्टेट' करा. परिणाम चालत्या कॉम्प्युटरचा प्लग ओढल्यासारखा होतो. डिस्क राहते, न सेव्ह केलेलं काम जातं. ते काम महत्त्वाचं असेल तर डिस्कार्ड करू नका. जुनं व्हर्जन परत टाका, मशीन जागं करा, आतून नीट शटडाउन करा आणि मग अपग्रेड करा.

इन्स्टॉलच अडत असेल

विंडोजवर तीन-चार ठरलेल्या जागा आहेत.

'व्हिज्युअल सी++ २०१९ रीडिस्ट्रिब्युटेबल हवं' असा संदेश व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून त्याची एक्स६४ आवृत्ती घ्या, बसवा आणि इन्स्टॉलर पुन्हा चालवा.

सी ड्राइव्ह भरलाय म्हणून सॉफ्टवेअर डी ड्राइव्हवर टाकायला गेलात आणि 'फोल्डर अवैध' असं उत्तर आलं, तर तो बिघाड नाही. नवी व्हर्जन्स साध्या यूजरला लिहायची परवानगी असलेल्या फोल्डरमध्ये बसायला नकार देतात, कारण तिथे कोणीही खोटी फाइल सरकवू शकतो. सॉफ्टवेअर 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्येच राहू द्या. जागा खातात ती मशीन. ती डी ड्राइव्हवर न्या आणि प्रेफरन्सेसमध्ये 'डीफॉल्ट मशीन फोल्डर' बदला.

इन्स्टॉल अर्ध्यावर जाऊन मागे फिरत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये 'व्हीबॉक्सएसव्हीसी' नावाची प्रक्रिया अजून चालू आहे का बघा. असेल तर संपवा. तरी अडलं तर जुनं व्हर्च्युअलबॉक्स अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा आणि नवं टाका, इन्स्टॉलरवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडून. सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केल्याने मशीन जात नाहीत. इन्स्टॉल चालू असताना इंटरनेट क्षणभर तुटतं, कारण नेटवर्कचा ड्रायव्हर बदलला जातो. तेव्हा ऑनलाइन फॉर्म भरत बसू नका.

एक्स्टेन्शन पॅक, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सला वेगळी बसवायची पुरवणी, वापरत असाल तर त्याचा आकडा मूळ सॉफ्टवेअरशी जुळला पाहिजे. बऱ्याच जणांना आता तो लागतच नाही. पूर्वी यूएसबी २ आणि ३ साठी तो टाकावा लागे, ७.० पासून ते मूळ सॉफ्टवेअरमध्येच आलं. शिवाय हा पॅक वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरासाठी फुकट आहे, धंद्याच्या ऑफिसात त्याला व्हर्च्युअलबॉक्स बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीचं लायसन्स लागतं. गरज नसेल तर काढून टाका, एक कटकट कमी.

'व्हीटी-एक्स' किंवा 'एएमडी-व्ही' असा शब्द असलेली एरर

आतलं मशीन चालवायला प्रोसेसरमध्ये जी सोय असते तिची ही नावं, इंटेलची व्हीटी-एक्स आणि एएमडीची एएमडी-व्ही. टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूवर जा. खाली 'व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड' दिसलं पाहिजे. 'डिसेबल्ड' असेल तर बायॉसमध्ये जाऊन इंटेलवर 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' आणि एएमडीवर 'एसव्हीएम मोड' चालू करा. कंपनीप्रमाणे बायॉसची की एफ२, एफ१० किंवा डिलीट असते. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. बायॉसमधल्या बदलानंतर विंडोज ती मागू शकतं.

५.२ किंवा ६.० वरून थेट नव्या व्हर्जनवर आलेल्यांना इथे धक्का बसतो. ३२-बिट गेस्ट त्या काळी प्रोसेसरच्या मदतीशिवायही चालत होते. डिसेंबर २०१९ च्या ६.१ ने ती सोय काढून टाकली. काही जुन्या पेन्टियम-सेलेरॉनमध्ये व्हीटी-एक्स नाहीच. त्या कॉम्प्युटरवर नवं व्हर्च्युअलबॉक्स चालणार नाही, सेटिंग्जमध्ये कितीही फिरलात तरी. मशीनचं फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलवणं हाच मार्ग.

हिरवं कासव

मशीन सुरू होतं, पण माउस हलवायला सेकंद लागतो. गेस्टच्या खिडकीत खाली उजवीकडे, चिपच्या चित्राच्या जागी हिरवं कासव दिसत असेल तर निदान झालं. मशीन चालवणारा विंडोजचा स्वतःचा भाग, हायपर-व्ही, प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय आधीच धरून बसलाय आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या डोक्यावर बसून, हळू वाटेने चालतंय. विंडोज ११ मध्ये हे न मागताही चालू असतं, म्हणून दोष अपग्रेडला जातो.

क्रमाने बंद करत जा:

१. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडा. हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म यांच्या खुणा काढा.

२. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'डिव्हाइस सिक्युरिटी', मग 'कोअर आयसोलेशन', तिथे 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करा.

३. रीस्टार्ट करा. कासव गेलं नसेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी लहान अक्षरांत 'बीसीडीएडिट /सेट हायपरव्हायझरलाँचटाइप ऑफ' द्या. मोकळ्या जागा फक्त तीन, 'बीसीडीएडिट'नंतर, 'सेट'नंतर आणि 'ऑफ'च्या आधी. पुन्हा रीस्टार्ट करा. परत चालू करायचं असेल तेव्हा शेवटी 'ऑफ'च्या जागी 'ऑटो'.

याची किंमत आहे. मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं कवच आहे, ज्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे ते काढायच्या आधी विचार करा. विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ आणि त्यावर चालणारा डॉकरही यानंतर बंद पडतो. दोन्ही हवेत म्हणाल तर कासव सहन करावं लागेल.

कासव नाही आणि तरीही मशीन रांगतंय? मे महिन्यात, भुसावळचा पारा ४४-४५ वर असताना, लॅपटॉपचा प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. अपग्रेडचा त्यात काही दोष नाही. मागची जाळी साफ करा, लॅपटॉप गादीवरून उचला. आणि होस्टमध्ये ८ जीबी रॅम असेल तर गेस्टला ४ च्या वर देऊ नका.

नेटवर्क गेलं

गेस्टमध्ये इंटरनेट चालतं पण होस्टवरून गेस्टला पोचता येत नाही, किंवा 'होस्ट-ओन्ली अ‍ॅडॅप्टर' (होस्ट आणि गेस्ट यांच्यातलंच खासगी नेटवर्क) सापडत नाही अशी एरर येते. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क मॅनेजरमध्ये पाहा. अ‍ॅडॅप्टर नसेल तर 'क्रिएट' करा आणि मशीनच्या सेटिंग्जमध्ये तो नव्याने निवडा. नाव तेच दिसलं तरी एकदा दुसरं निवडून परत यावं लागतं. असूनही चालत नसेल तर विंडोजच्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये त्या अ‍ॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'व्हर्च्युअलबॉक्स एनडीआयएस६ ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हर' यापुढे खूण आहे ना पाहा, मग अ‍ॅडॅप्टर डिसेबल करून एनेबल करा.

लिनक्स होस्टवर ६.१.२८ पासून होस्ट-ओन्लीसाठी फक्त १९२.१६८.५६.० ते १९२.१६८.६३.२५५ हा पट्टा चालतो. प्रॅक्टिकलच्या वहीतला १० ने सुरू होणारा पत्ता नाकारला जाण्याचं कारण हेच.

होस्टच लिनक्स असेल तर

'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड' आणि शेजारी -१९०८. व्हर्च्युअलबॉक्सचा कर्नल मॉड्यूल चालू कर्नलसाठी बांधला गेलेला नाही. चालू कर्नलचे हेडर्स, जीसीसी आणि मेक बसवा, मग ओरॅकलचं पॅकेज असेल तर एसबिनमधली 'व्हीबॉक्सकॉन्फिग' ही कमांड सुडोने चालवा. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवर सही लागते. उबुंटू पासवर्ड ठरवायला सांगतं आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' विचारतं. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं की सगळं पहिल्यापासून.

'व्हीएमएक्स रूट मोड' असा उल्लेख असलेली एरर वेगळी. कर्नल ६.१२ पासून केव्हीएम, म्हणजे लिनक्सचा स्वतःचा व्हर्च्युअलायझेशनचा मॉड्यूल, लोड होताक्षणी प्रोसेसरची सोय ताब्यात घेतं. तात्पुरतं 'मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल' करून ते उतरवा, एएमडीवर शेवटी 'एएमडी' लिहा.

सुरू झालं, पण काहीतरी कमी आहे

स्क्रीन काळी असेल तर 'डिस्प्ले'मध्ये ग्राफिक्स कंट्रोलर बदला: विंडोज ७ आणि पुढच्या गेस्टला व्हीबॉक्सएसव्हीजीए, एक्सपीला व्हीबॉक्सव्हीजीए, लिनक्सला व्हीएमएसव्हीजीए. ३डी अ‍ॅक्सिलरेशनची खूण काढून पाहा.

सेटिंग्जमधले अर्धे पर्याय गायब झालेत असं वाटलं तर ते ७.१ चं 'बेसिक' रूप आहे. वरच 'एक्स्पर्ट' निवडा.

क्लिपबोर्ड, शेअर्ड फोल्डर किंवा पूर्ण स्क्रीन गेली असेल तर गेस्टमध्ये 'डिव्हाइसेस' मेन्यूतून गेस्ट अ‍ॅडिशन्सची (गेस्टच्या आत बसवायच्या जादा ड्रायव्हरांची) सीडी लावा, इन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा. लिनक्स गेस्टमध्ये शेअर्ड फोल्डर उघडायला यूजर 'व्हीबॉक्सएसएफ' ग्रुपमध्ये लागतो. एक्सपीवरची जुनी अ‍ॅडिशन्स ठीक चालत असतील तर छेडू नका.

यातलं काहीच जुळत नसेल तर मशीनवर राइट क्लिक करून 'शो लॉग'. लॉग लांबलचक असतो, शेवटाकडून वर या आणि 'एरर' शब्द असलेली पहिली ओळ धरा. शोधायचं ते त्या ओळीतल्या कोडने. 'मशीन चालत नाही' असं शोधून काही मिळत नाही.

शेवटचा उपाय: जुन्या डिस्कवर नवं मशीन

सेटिंग्जची फाइलच बिघडली असेल तर नवं मशीन करा आणि हार्ड डिस्कच्या पायरीवर 'यूज अ‍ॅन एक्झिस्टिंग व्हर्च्युअल हार्ड डिस्क फाइल' निवडून जुन्या व्हीडीआयची प्रत द्या. स्नॅपशॉट नसलेल्या मशीनसाठीच हे करा. दोन गोष्टी आधीसारख्याच ठेवायच्या. ईएफआय (मशीन बूट करायची नवी पद्धत) चालू होतं की बंद, आणि डिस्क कोणत्या कंट्रोलरला जोडली होती, जुन्या आयडीईला की नव्या साटाला. एक्सपी बहुतेक आयडीईवर बसवलेलं असतं. त्याची डिस्क साटावर लावली की निळ्या स्क्रीनवर ७बी हा आकडा येतो आणि लोकांना वाटतं डिस्क गेली. डिस्क काढून आयडीई कंट्रोलरला लावा, एक्सपी उठतं.

वजनकाटा जोडलेला असेल तर नव्या मशीनच्या 'सीरियल पोर्ट्स'मध्ये पोर्ट १ चालू करा, 'पोर्ट मोड' म्हणून 'होस्ट डिव्हाइस' निवडा आणि पाथमध्ये होस्टच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारा कॉम पोर्ट लिहा. यूएसबी कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत घातला की हा आकडा बदलू शकतो, म्हणून कन्व्हर्टर ज्या खाचेत आहे तिथे खूण करून ठेवा. मग एक रिकामी गाडी काट्यावर घ्या आणि पावतीवरचं वजन काट्याच्या डिस्प्लेशी जुळतंय का ते बघा.